ग्राहकांचे नंबर, व्हॉट्सॲप ग्रुप आणि धंद्याची जाहिरात: काय करावं, काय टाळावं?

अनारसे
मंडळी, फराळाच्या ऑर्डरींचा हंगाम आला की घरगुती व्यवसाय करणारे भराभर व्हॉट्सॲप ग्रुप काढतात. 'दिवाळी फराळ', 'घरगुती मसाले', 'साडी लाइव्ह'. वहीत आणि फोनमध्ये साठलेले सगळे नंबर एका फटक्यात ग्रुपात जातात. कुणी पाव किलो चिवडा घेतला म्हणून त्याचा नंबर तीनशे अनोळखी लोकांपुढे मांडायचा हक्क विक्रेत्याला मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण जाहिरात तर करावीच लागते, आणि सोशल मीडियाइतकी स्वस्त जाहिरात दुसरी नाही.

म्हणून जाणकारांना विचारते. ग्रुप नको, तर त्याऐवजी नेमकं काय वापरायचं? इन्स्टा-फेसबुकची जाहिरात करून देणारे 'ग्राहकांची यादी द्या' म्हणतात, ती द्यावी का? आणि ग्राहकांचे फोटो, अभिप्रायांचे स्क्रीनशॉट टाकताना काय बघायचं? उगाच घाबरवू नका, कुठलं बटण दाबायचं ते सांगा.

कोयनाकाठ
ग्रुप हा प्रकार या कामासाठी नाहीच. ग्रुपमधल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो आणि सदस्य १०२४ पर्यंत घेता येतात. 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज टाकू शकेल' हे सेटिंग केलं की प्रश्न मिटला असं पुष्कळांना वाटतं. त्याने गोंगाट थांबतो, नंबर झाकले जात नाहीत. वैतागून बाहेर पडलेला माणूससुद्धा पुढचे ६० दिवस 'पूर्वीचे सदस्य' यादीत दिसत राहतो. त्यात ग्रुपची लिंक फेसबुक पेजवर टाकलेली असेल तर विचारूच नका. शेअर टिप्सवाले, झटपट कर्जवाले अशाच लिंकांवरून आत शिरतात, सगळे नंबर उतरवून घेतात आणि निघून जातात. लिंक फिरली असेल तर ग्रुपच्या माहितीत जाऊन ती आजच रिसेट करा, जुनी लगेच बंद पडते.

पर्याय तीन आहेत. पहिला ब्रॉडकास्ट लिस्ट. एका लिस्टमध्ये २५६ नंबर, लिस्ट कितीही करा. मेसेज प्रत्येकाला स्वतंत्र जातो, दुसरं कोण आहे ते कुणाला कळत नाही, उत्तर फक्त तुम्हाला येतं. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो. विक्रेत्यांना ही अडचण वाटते, मला ती या सोयीची सर्वांत चांगली बाजू वाटते. नंबर सेव्ह करणं म्हणजे ग्राहकाने दिलेली परवानगीच.

दुसरा चॅनेल. फॉलो करणाऱ्याचा नंबर बाकीच्यांना दिसत नाही, आणि तुमच्याकडे सेव्ह नसेल तर तुम्हालाही दिसत नाही. दरपत्रक, 'आज चकली संपली' अशा सूचना, सुट्टीचे दिवस यासाठी उत्तम. तिसरा कम्युनिटीची (अनेक ग्रुप एकत्र बांधणाऱ्या सोयीची) घोषणापेटी. तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त अ‍ॅडमिनला दिसतात. मात्र कम्युनिटीत साधे उपग्रुप उघडले की त्यांत नंबर पुन्हा उघडे पडतात, तेव्हा ते उघडू नका.

शिरस्तेदार
@कोयनाकाठ, बाकी सगळं मान्य, पण 'नंबर सेव्ह केला म्हणजे परवानगी' हे मान्य नाही. ऑर्डर कुठवर आली ते विचारायला माणूस नंबर सेव्ह करतो. त्याचा अर्थ 'मला दर आठवड्याला ऑफर पाठवा' असा होत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींच्या सहीने झाला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यवसायांवरची बहुतेक बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. त्यात संमती कशी हवी ते कलम ६ मध्ये आहे: मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कामापुरती, माहिती घेऊन, विनाअट, आणि स्पष्ट कृतीतून दिसणारी. काढून घेणंही देण्याइतकंच सोपं हवं.

कायद्यातच दिलेली दोन उदाहरणं इथे कामाची आहेत. एका बाईने औषधाच्या दुकानातून औषध घेतलं, आपणहून नंबर दिला आणि पैसे मिळाल्याची पावती मोबाइलवर पाठवा म्हणाली. दुकानदार त्या नंबरावर पावती पाठवू शकतो. परवानगी तेवढ्याच कामाची. दुसरं, घरबसल्या डॉक्टरी सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधली संपर्कयादी मागितली आणि ग्राहकाने 'हो' म्हटलं. सल्ला द्यायला संपर्कयादी लागतच नाही, म्हणून ते 'हो' त्या यादीला लागू पडत नाही. फराळवाल्यांनी पहिलं उदाहरण लक्षात ठेवावं. डबा पोचवायला घेतलेला नंबर डबा पोचवण्यापुरता.

बिनधास्त
मला हे सगळं जरा अति वाटतंय. आपले नंबर बिल्डरांकडे आहेत, विमा एजंटांकडे आहेत, गाडी घेतली की दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्सेसरीवाल्यांकडे असतात. फेसबुकवरची माहिती राजकीय प्रचारासाठी वापरणाऱ्या केम्ब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात ८ कोटी ७० लाख लोकांचा डेटा गेला असं २०१८ मध्ये फेसबुकनेच सांगितलं, त्यात भारतातले ५ लाख ६२ हजार. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं कुणी काही वाकडं करू शकत नाही आणि आपण घरी चकल्या तळणाऱ्या बाईला संमतीचे धडे देतोय. तिला ना वकील परवडतो ना सॉफ्टवेअर. ग्रुप फुकट आहे आणि चालतो, वापरू द्या तिला.

रानजाई
@बिनधास्त, ब्रॉडकास्ट लिस्ट आणि चॅनेलही फुकटच आहेत. खर्चाचा मुद्दा तिथेच संपतो.

राहिला 'नंबर सगळीकडे आहेतच' हा मुद्दा. नुसता दहा आकडी नंबर फारसा धोक्याचा नाही. त्याच्याशी जोडलेली माहिती धोक्याची असते. फराळाच्या यादीत नंबराबरोबर नाव, सोसायटी, फ्लॅट, रकमेचा अंदाज आणि डबा कधी हवा ते असतं. 'आम्ही २० तारखेला गावी निघतोय, १८ला द्या' हा निरोपही असतो. ही यादी ज्याच्या हाती लागेल तो फोन करून म्हणतो, 'ताई, तुमच्या चकलीच्या ऑर्डरचे २० रुपये कुरिअरचे राहिलेत, लिंक पाठवतो.' ऑर्डर खरी असते म्हणून समोरची बाई विश्वास ठेवते. बिल्डरकडच्या यादीने हे साधत नाही. घराजवळच्या छोट्या विक्रेत्याच्या यादीने साधतं.

आणि मोठ्यांचं कुणी वाकडं करत नाही असंही नाही. व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या प्रायव्हसी धोरणाबद्दल स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे व्हॉट्सॲप-फेसबुकच्या मालक कंपनीला, २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. जाहिरातीसाठी डेटा वाटून घेण्यावर घातलेली पाच वर्षांची बंदी अपिलात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, उठली. दंड कायम राहिला.

दगडफूल
ग्राहक म्हणून लगेच करता येईल अशी एक गोष्ट. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे ग्रुप्स, आणि 'एव्हरीवन'च्या जागी 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. ज्याचा नंबर तुमच्याकडे सेव्ह नाही तो मग तुम्हाला परस्पर ग्रुपात टाकू शकत नाही, त्याला आमंत्रण पाठवावं लागतं. विक्रेत्याचा नंबर सेव्ह असेल तर 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' घेऊन त्याचं नाव वगळा. तिथेच प्रोफाइल फोटो आणि 'लास्ट सीन'ही कॉन्टॅक्ट्सपुरते करून टाका.

वडाची_पारंबी
१९०९ वर डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) करून ठेवा, सगळंच बंद होतं.

दगडफूल
@वडाची_पारंबी, व्हॉट्सॲपवरचं काही बंद होत नाही. डीएनडी ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांखाली आहे, ते साधे कॉल आणि एसएमएस यांच्यापुरतंच चालतं. 'स्टार्ट ०' असा एसएमएस (इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडा) १९०९ वर पाठवला की सगळे प्रचारकी मेसेज बंद होतात. काही हवे असतील तर वर्गवारीनुसार निवडही करता येते. तरी कॉल आला तर तक्रार ७ दिवसांच्या आत करता येते. आधी ३ दिवस होते, फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने मुदत वाढली. कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून असेल तर तो नोंदणीकृत प्रचारवाला, १६०० ने सुरू होत असेल तर बँका वगैरेंचा सेवेचा. साध्या दहा आकडी नंबरावरून फ्लॅट विकणारा नोंदणीच न केलेला असतो. तक्रार त्याच्याविरुद्ध जरूर करा, त्याचं कनेक्शन तुटू शकतं.

व्हॉट्सॲपवर मात्र ब्लॉक आणि रिपोर्ट हेच हत्यार. विक्रेत्यांनीही लक्षात घ्यावं: बऱ्याच लोकांनी रिपोर्ट केलं की तुमचा नंबर व्हॉट्सॲपवरून बंद होतो, आणि ऑर्डरींचं सगळं बोलणं त्याच्याबरोबर जातं.

जालरंग
मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, ग्राहकांची यादी जाहिरातवाल्याला द्यावी का.

मेटाच्या जाहिरात व्यवस्थेत 'कस्टम ऑडियन्स' म्हणून सोय आहे. नंबर आणि ईमेलची फाइल चढवायची. फाइल बाहेर पडण्यापूर्वी ब्राउझरमध्येच प्रत्येक नंबराचं एसएचए-२५६ पद्धतीने हॅशमध्ये, म्हणजे गणिताने काढलेल्या आकडे-अक्षरांच्या साखळीत, रूपांतर होतं. मेटा ते हॅश आपल्याकडच्या खात्यांच्या हॅशशी जुळवून पाहते आणि जुळलेल्या लोकांना तुमची जाहिरात दिसते. कोण जुळलं ते तुम्हाला कळत नाही. त्यावर 'लुकअलाइक' करता येतं, म्हणजे तुमच्या ग्राहकांसारखे आणखी लोक. त्यासाठी एका देशातले निदान १०० लोक जुळावे लागतात.

'हॅश केलंय, म्हणजे नंबर गुप्त राहिला' असं एजन्सीवाले सांगतात. ते बरोबर नाही. भारतातले मोबाइल नंबर ६ ते ९ या आकड्यांनी सुरू होतात आणि दहा आकडी असतात, म्हणजे शक्यता ४०० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं, पण आजचं एक चांगलं ग्राफिक कार्ड इतक्या सगळ्या नंबरांचे हॅश काढून तक्ता तयार करायला काही मिनिटं घेतं. तक्ता हाताशी असला की हॅशवरून नंबर परत मिळतो. तेव्हा हॅश म्हणजे वाटेत फाइल कुणी सहज वाचू नये एवढ्यापुरती सोय समजा. नंबर नाहीसा होत नाही.

दुसरं, चूक बहुतेक वेळा मेटापर्यंत पोचायच्या आधीच होते. विक्रेता एक्सेलची पूर्ण फाइल व्हॉट्सॲपवर एजन्सीच्या पोराला पाठवतो, नाव, पत्ता, काय घेतलं सगळ्यासकट. ती त्याच्या फोनमध्ये राहते, तो उद्या दुसऱ्या मिठाईवाल्याचं काम घेतो आणि तुमची यादी तिकडे लागते. यादी वापरायचीच असेल तर जाहिरात खातं तुमच्या नावावर ठेवा, एजन्सीला त्यात फक्त जाहिरात चालवण्याचा अधिकार द्या, आणि फाइल स्वतः चढवा. फाइलमध्ये फक्त ९१ लावलेला नंबर असावा, दुसरा रकाना नको. आणि ज्यांनी जाहिरातीसाठी 'हो' म्हटलंय त्यांचेच नंबर. ही अट मेटाच्या स्वतःच्या करारातही आहे: यादी वापरण्याचा हक्क तुमच्याकडे आहे असं तुम्ही तिथे लिहून देता.

खरं सांगायचं तर फराळासाठी यादीची गरजच नाही. शहर निवडा, पोचवू शकाल तेवढ्या किलोमीटरची त्रिज्या ठेवा, जाहिरातीच्या बटणावर 'व्हॉट्सॲपवर बोला' ठेवा. ज्याला हवंय तो आपणहून बोलायला येतो.

बिनधास्त
हे मात्र पटलं. एजन्सीच्या फोनमधली फाइल हा खरा धोका आहे, त्याकडे कुणी बघत नाही.

जालरंग
ज्यांची वेबसाइट आहे त्यांच्यासाठी पुढचा मुद्दा. साइटवर मेटा पिक्सेल (पाहुणे काय बघतात ते टिपणारा छोटा कोड) बसवलेला असतो, तो पानाचा पूर्ण पत्ता मेटाकडे पाठवतो. ऑर्डरचा फॉर्म 'गेट' पद्धतीने बनवला असेल तर 'धन्यवाद' पानाच्या पत्त्यातच नाव आणि मोबाइल लिहून येतो. तपासायला एक खोटी ऑर्डर भरा आणि शेवटच्या पानावर वरच्या पट्टीत बघा. प्रश्नचिन्हाच्या पुढे तुम्ही भरलेला नंबर दिसला तर वेबसाइटवाल्याला 'पोस्ट' पद्धत करायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. शिवाय मेटाच्या इव्हेंट्स मॅनेजरमध्ये 'ऑटोमॅटिक अ‍ॅडव्हान्स्ड मॅचिंग' चालू असेल तर पिक्सेल फॉर्मच्या चौकटींतून ईमेल आणि फोन स्वतः उचलतो. ते बंद ठेवा.

ग्राहकांनी आपल्या बाजूने अकाउंट्स सेंटरमध्ये जाऊन 'युवर अ‍ॅक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' बघावं. कुठल्या दुकानांनी, अ‍ॅपनी तुमची माहिती मेटाला पाठवली ती यादीच तिथे असते. जुनी पुसता येते, पुढची तोडता येते.

इसारकाठ
म्युनिकहून. जालरंग यांच्या पिक्सेलच्या मुद्द्यावर युरोपातले तीन निकाल सांगण्यासारखे आहेत, कारण तिघांतही प्रश्न फेसबुकचा नव्हता, पेज किंवा साइट चालवणाऱ्या व्यवसायाचा होता. जून २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने उत्तर जर्मनीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या फॅनपेजबद्दल म्हटलं की पेज चालवणारा फेसबुकबरोबर संयुक्तपणे जबाबदार आहे. 'डेटा फेसबुक गोळा करतं, आमचा काय संबंध' हा बचाव चालला नाही. जुलै २०१९ मध्ये कपडे विकणाऱ्या एका साइटवरच्या 'लाइक' बटणाबद्दल असाच निकाल आला. बटण लावणाऱ्याने पाहुण्याचा डेटा फेसबुकला पोचवला, तेवढ्या टप्प्यापुरता तोही जबाबदार. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ठरलं की आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे.

त्यामुळे इकडचा कोपऱ्यावरचा बेकरीवालाही बातमीपत्रासाठी ईमेल घेतला की आधी एक पुष्टीची लिंक पाठवतो. ती दाबली तरच नाव यादीत जातं. पुष्टी कधी केली त्याची तारीख तो जपून ठेवतो, कारण सिद्ध करायची पाळी त्याच्यावर येते. व्हॉट्सॲपवर याच धर्तीवर ग्राहकाकडून 'हो' असं उत्तर मागवता येईल. तारीख-वेळ आपोआप चॅटमध्ये राहते.

पाटीपुस्तक
कोचिंग क्लासेसबद्दल कुणी बोललं नाही, आणि माझ्या मते सर्वांत वाईट परिस्थिती तिथेच आहे. निकाल लागला की नाव, फोटो, टक्के, शाळा, कधी कधी गाव आणि वडिलांचा व्यवसाय इन्स्टावर. वाढदिवसाच्या पोस्टमध्ये मुलाचा फोटो, गणवेशावर शाळेचा बिल्ला आणि जन्मतारीख. दहावीच्या मुलाची एवढी माहिती परक्या माणसाच्या हाती देण्यात कुणाचं भलं आहे?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा अभिप्राय वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि ती निकाल लागल्यानंतर घेतलेली हवी. प्रवेशाच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरांत छापलेली सही चालत नाही. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासला हे लागू आहे. नाच, नाट्य, खेळ शिकवणारे त्यात येत नाहीत.

शिरस्तेदार, नव्या कायद्यात १८ वर्षांखालच्यांचं काय आहे?

शिरस्तेदार
@पाटीपुस्तक, १८ पूर्ण नसलेला प्रत्येकजण मूल. त्याचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांवर पाळत ठेवणं, वागण्याचा माग काढणं आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवणं यांना मनाई आहे. शाळा-रुग्णालयांसारख्यांना त्यांच्या कामापुरत्या काही सवलती नियमांत आहेत. मुलांच्या बाबतीतला दंड २०० कोटींपर्यंत, आणि डेटा नीट सांभाळला नाही तर २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. ही कमाल मर्यादा आहे. रक्कम ठरवताना चूक किती गंभीर, किती दिवस चालली, सुधारली का, हे डेटा संरक्षण मंडळाला बघावं लागतं. छोट्या विक्रेत्याने तो आकडा बघून झोप उडवून घेऊ नये.

अनारसे यांनी वहीचा उल्लेख केलाय म्हणून सांगतो. नुसत्या कागदी वहीला हा कायदा लागत नाही. वहीतले नंबर एक्सेलमध्ये भरले किंवा फोनमध्ये घेतले त्या क्षणापासून लागतो.

औषधपेटी
औषधांच्या दुकानांनी चिठ्ठ्या व्हॉट्सॲपवर मागवायची पद्धत आता सगळीकडे आहे आणि ग्राहकांना ती सोयीची आहे. अडचण पुढे होते. आलेला फोटो आपोआप गॅलरीत उतरतो. गूगल फोटोजमध्ये व्हॉट्सॲपच्या फोल्डरचा बॅकअप चालू असतो. ते खातं मालकाचं, मालकाच्या मुलाच्या टॅबवरही तेच. म्हणजे एखाद्या पेशंटची मनोविकाराच्या गोळ्यांची चिठ्ठी दुकानदाराच्या घरातल्या टॅबवर सुट्टीच्या फोटोंमध्ये दिसते.

उपाय असे. व्हॉट्सॲपच्या चॅट सेटिंगमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा, आयफोनवर 'सेव्ह टू फोटोज' बंद. गूगल फोटोजमध्ये 'बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स' उघडून व्हॉट्सॲप इमेजेसचं बटण बंद. अशा चॅटला ७ दिवसांचे 'डिसअपिअरिंग मेसेज' लावा. कायद्याने जी नोंद ठेवायची ती दुकानाच्या रजिस्टरात आणि बिलिंगमध्ये राहतेच, फोनमध्ये फोटो साठवायचं कारण नाही.

आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब. 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून दर सोमवारी बघा. चार उपकरणं जोडता येतात, त्यात सोडून गेलेल्या नोकराचा लॅपटॉप सापडला तर तिथल्या तिथे लॉगआउट करा.

वडाची_पारंबी
मॉलमध्ये बिल करताना नंबर दिल्याशिवाय बिलच निघत नाही म्हणतात, त्याचं काय?

शिरस्तेदार
@वडाची_पारंबी, नंबराशिवाय बिल निघतं. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २०२३ मध्येच किरकोळ विक्रेत्यांना कळवलंय की नंबरासाठी अडवणूक करू नये, ती अनुचित व्यापार पद्धत ठरते. काउंटरवर शांतपणे 'नंबर द्यायचा नाही' म्हणा. अडलंच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

रानजाई
आता फोटो आणि स्क्रीनशॉट.

अभिप्रायाचा स्क्रीनशॉट टाकताना नाव झाकायला फोनमधला हायलायटर वापरू नका. त्याची शाई अर्धपारदर्शक असते, चार-पाच वेळा फिरवून काळी दिसली तरी प्रकाश आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की खालची अक्षरं वर येतात. ठोकळ चौकोन टाका, नाहीतर वरची पट्टी कापूनच टाका. प्रोफाइल फोटोही कापा. नंबर झाकून फोटो ठेवण्यात अर्थ नाही.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट 'आजच्या ऑर्डरी' म्हणून स्टेटसला ठेवायची पद्धत तर पूर्ण सोडा. त्यात ग्राहकाचं बँकेतलं नाव असतं, व्यवहार क्रमांक असतो, आणि पुष्कळांचा यूपीआय आयडी म्हणजे त्यांचा मोबाइल नंबरच असतो. पार्सलच्या ढिगाचा फोटोही तसाच. आजच्या फोनचा कॅमेरा इतका चांगला आहे की झूम केल्यावर लेबलावरचा पत्ता स्वच्छ वाचता येतो. लेबल खालच्या बाजूला करून फोटो काढा.

घरी जाऊन मेंदी, केक, सजावट करणाऱ्यांनी फोटोत इमारतीचं नाव, गाडीचा नंबर, दारावरची पाटी येत नाही ना ते बघावं आणि लोकेशन टॅग फक्त शहराचा द्यावा. मूळ फोटोत जीपीएसची नोंद असते. इन्स्टावर चढवताना ती निघते, पण गूगल ड्राइव्हची लिंक दिली किंवा व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की फाइल जशीच्या तशी जाते.

गूगलवर वाईट रिव्ह्यू आला म्हणून चिडून उत्तरात 'तुम्ही अमुक तारखेला अमुक उपचारांसाठी आला होतात' असं लिहिणारे दवाखाने आणि पार्लर दिसतात. ग्राहकाने तक्रार जाहीर केली म्हणून त्याची बाकीची माहिती जाहीर करायची मोकळीक मिळत नाही. 'कृपया फोन करा, आपण बोलू' एवढं पुरे.

कोयनाकाठ
रानजाई यांच्या यादीत गूगल फॉर्मची भर घालतो, कारण फराळाच्या निम्म्या ऑर्डरी त्यावर घेतल्या जातात. फॉर्मच्या सेटिंग्जमध्ये 'रिझल्ट समरी' दाखवण्याचं बटण असतं. ते चालू राहिलं तर फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला बाकीच्यांची उत्तरं, म्हणजे नाव-पत्ते-नंबर, बघता येतात. बंद ठेवा. उत्तरांची शीट मदतनिसाला देताना 'एनिवन विथ द लिंक' न करता 'रिस्ट्रिक्टेड' ठेवून त्याचा ईमेल घाला. डबे पोचवणाऱ्याला पूर्ण शीट लागतच नाही. त्या दिवसाचे पत्ते कागदावर द्या आणि संध्याकाळी कागद परत घ्या.

अनारसे
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी नेमकी माहिती मराठीत एका जागी पहिल्यांदाच वाचतेय. यावरून ठरवलेली पद्धत मांडते, काही राहिलं असेल तर सांगा.

जुना ग्रुप बंद करायचा. नुसतं बाहेर पडून चालणार नाही, आधी सगळ्यांना काढून मग ग्रुप डिलीट. दरपत्रक व्हॉट्सॲप बिझनेस अ‍ॅपच्या कॅटलॉगमध्ये. रोजच्या सूचना चॅनेलवर. इन्स्टाच्या पोस्टखाली 'नंबर कॉमेंटमध्ये टाका' न लिहिता बिझनेस अ‍ॅपमधली शॉर्ट लिंक द्यायची, तीत 'मला फराळाची माहिती हवी आहे' हा मेसेज आधीच भरलेला. ऑर्डर पोचली की ग्राहकाला एकदाच हा मेसेज:

'तुमचा नंबर आम्ही ही ऑर्डर पोचवण्यासाठी घेतला होता. पुढच्या सणांच्या फराळाची माहिती याच नंबरावर, वर्षातून जास्तीत जास्त चार वेळा, पाठवू का? हवी असल्यास "हो" लिहा. उत्तर आलं नाही तर पाठवणार नाही. नंतर कधीही "नको" लिहिलंत तर बंद करू.'

'हो' आलेल्यांना लेबल लावायचं आणि ब्रॉडकास्ट फक्त त्या लेबलाला. बाकीच्यांचे नंबर काम झाल्यावर पुसायचे.

शिरस्तेदार
मेसेज चांगला आहे. एक ओळ वाढवा: नंबर दुसऱ्या कुणाला देणार नाही, आणि तक्रार असेल तर कुणाशी बोलायचं. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळावी असं कायदा म्हणतो, त्यामुळे मराठी मजकूर पूर्ण चालतो.

'नंबर पुसायचे' यात मात्र बिलं पुसू नका. जीएसटी नोंदणी असेल तर त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब ठेवावे लागतात. बिल राहील, जाहिरातीच्या यादीतलं नाव जाईल. दोन्ही वेगवेगळ्या फायलींत ठेवलंत तर गोंधळ होणार नाही.

दगडफूल
चार वेळा हा आकडा लिहिलात ते फार आवडलं. किती मेसेज येणार ते आधी कळलं तर लोक 'हो' म्हणायला कचरत नाहीत.

कोयनाकाठ
@अनारसे, लेबलाबद्दल एक. एखाद्याने 'नको' लिहिल्यावर तुम्ही लेबल काढाल, पण आधी तयार करून ठेवलेली ब्रॉडकास्ट लिस्ट त्याने आपोआप बदलत नाही. लिस्ट उघडून नाव तिथूनही काढा, किंवा दर सणाला लेबलावरून नवी लिस्ट करा आणि जुनी डिलीट करा. आणि 'हो' आलेलं चॅट 'क्लिअर' करू नका. संमतीची तारीख तिथेच आहे.